मागांच्या आवाजात

सुमे, फोन ठेवू नकोस, जरा ऐक. दर वेळी "येते गं आजी" म्हणतेस आणि येत नाहीस, हे काही बरं नाही. तुझी वाट बघून शेवटी एकटीच जाऊन आले नदीकाठच्या आमच्या गिरणीत. आता तिथं संग्रहालय केलंय. मी सूत गुंडाळायची त्या जागेला दोरी लावलीय, वर पाटी, हात लावू नये.

कुणीतरी बटण दाबलं आणि जुन्या मागांचा खडखडाट सुरू झाला. लोकांनी कान झाकले. मला मात्र माणसांत आल्यासारखं वाटलं. समोरच्या टोकाला एक म्हातारा उभा होता, ओळखीचा नव्हे. त्यानं बोटं जुळवून तोंडाशी नेली, भुवया उडवल्या. जेवलीस का? त्या आवाजात आम्ही सगळे असंच हातांनी बोलायचो गं. मी पोटावरून तळवा फिरवला, झालं म्हणून. खरं तर सकाळपासून नुसता चहा. एकटीसाठी कोण रांधत बसतंय?

आवाज थांबला, तसा तो बरोबर आलेल्या त्याच्या सुनेच्या मागोमाग निघून गेला. एवढ्या शांततेत त्याला हाक कशी मारायची, तेच मला सुचेना.

येत्या रविवारी ये. फाटकातूनच बोटं जुळवून विचार. या वेळी खरं काय ते सांगेन, मग दोघींपुरता भात टाकू.