डेट्रॉइटला नऊ मार्क

परवा इथे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावातल्या दुकानात भाजलेल्या शेंगांचा वास आला आणि बाबांबरोबरची जुनी रोड ट्रिप आठवली. आई गेल्यावर ते माझ्याकडे अमेरिकेत आले, तेव्हा जेमतेम बोलायचे. क्रिकेटवेड्या बाबांना मी बेसबॉलची स्टेडियमं दाखवत फिरवलं.

"या स्टेडियमला दहापैकी किती मार्क?" मी दर वेळी विचारायची.

"दे पाच," एवढंच उत्तर.

डेट्रॉइटला शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकन आजोबांनी शेंगांची पिशवी पुढे केली. कॅच घ्यायला हातमोजा कशाला लागतो, यावर बाबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी वाद घातला. दोघं खूप हसले.

निघताना बाबा आपणहून म्हणाले, "याला नऊ. तुझ्या आईला इथलं ऊन सोसलं नसतं, म्हणून एक कापला."

आई गेल्यापासून तिचा विषय त्यांनी प्रथमच काढला होता. तेव्हा मला रडू आलं होतं. आता त्या कापलेल्या मार्काचं हसू येतं.