माही हरकत हाय

ग्रामसेवकाला हरकत कशी लिहायची हे कुणी शिकवत नाही. ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' ठोकलं की चहा येतो. नव्वदच्या दशकात सेनगावकडच्या एका गावात मी हेच करत होतो, आणि मोठ्या तोऱ्यात करत होतो.

एकदा विजेच्या हापिसाचा कागद आला. गावच्या रस्त्यावर खांब उभे करायच्या परवानगीची मुदत संपली होती. पंचायतीनं नव्यानं ना-हरकत द्यायची होती. ठराव मी घरूनच लिहून आणला होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिली तांड्यावरची सदस्य बाई. राखीव जागेवर निवडून आलेली, बैठकीत कधी चकार शब्द न काढलेली. मी शाईचं पॅड पुढं केलं. तिनं अंगठा मागं घेतला.

"भाऊसाहेब, ना-हरकत म्हंजे काय?"

"म्हणजे आपली काही तकलीफ नाही."

"न्हाई कशी? माही हरकत हाय!"

सरपंच हसले. मी तर चिडलोच. चहा निवत होता. पण बाई हटेना. तांड्याच्या वाटेवर तार झोळीसारखी लोंबत होती. मागच्या सुगीत कडब्याची गाडी खालून जाताना ठिणगी पडली, गाडी पेटली, एक बैल गेला. गाडीवर तिचा लेक होता, उडी मारली म्हणून वाचला. यंदाही गाडी त्यालाच हाकायची होती.

"अर्ज देऊन देऊन थकलो आमी. खांब त्यायचे असतील, रस्ता तर आपला हाय न?"

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, खोटं कशाला सांगू!

"बरं, किती उंच पाहिजे तार?" मी खवचटपणे विचारलं.

"भरली गाडी. वर उभा माणूस. त्याच्या खांद्यावर लेकरू. लेकरानं हात वर केला तरी तार लई वर ऱ्हावी."

मी जसंच्या तसं लिहिलं: परवानगी देण्यात येते, परंतु आधी एवढी उंची करावी. विजेच्या हापिसाचे साहेब तणतणत आले. "हे कुठल्या पुस्तकातलं माप?"

बाई त्यांना तांड्याच्या वाटेवर घेऊन गेली. कडब्यानं भरलेली गाडी तिनं तारेच्या बरीच अलीकडं उभी केली होती. वर लेक उभा, त्याच्या खांद्यावर नातू. साहेबांनी एकदा नातवाकडं पाहिलं, एकदा तारेकडं. तार लेकाच्या छातीला येत होती. साहेबांनी वही काढून माप लिहून घेतलं.

सुगीच्या आत उंच खांब उभे राहिले. मगच बाईनं अंगठा दिला. पहिली गाडी तारेखालून गेली तेव्हा ती डोळे गच्च मिटून उभी होती. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण कागद असा वाचणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

पुढं माझी बदली हिंगोलीला झाली. काही वर्षांनी परवानगीची मुदत पुन्हा संपली आणि नव्या ग्रामसेवकाचा फोन आला.

"जुन्या ठरावात हे गाडी, माणूस, लेकरू काय लिहिलंय हो? काढून टाकू का?"

"एक शब्द हलवू नकोस बाबा," मी म्हणालो. "लेकराला तार लागेल."