गळका नळ

"तूच घाण केलीस ना? मग तूच पूस."

चौथीचा वर्ग. बाई डोक्यावर उभ्या. माझा फ्रॉक ओला, बाकाखाली डबकं. मी गुडघ्यांवर बसून स्वतःचं मूत पुसत होते आणि अख्खा वर्ग बघत होता. बाई दादरला ब्लॉकमध्ये राहायच्या. म्हणाल्या, "चाळीतल्या पोरींना वळणच नाही." त्या दिवसापासून माझं नाव पडलं, गळका नळ.

आता खरं काय झालं होतं ते ऐका. बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं होतं. आमच्या लालबागच्या खोलीत असा आवाज झाला, की पुढचा फटका आईच्या पाठीत बसायचा. बाबा प्यायचे नाहीत, बरं का. शुद्धीत मारायचे. मी कॉटखाली. आई म्हणायची, "कोणाक सांगू नको गो." नाही सांगितलं. पण अंगाला कोण गप्प करणार? पोटात मुरडा यायचा, ताप चढायचा, लघवी सुटायची. डॉक्टरांनी तपासलं. सगळं नॉर्मल. म्हणाले, "नाटकं करते." घरी काय चाललंय, हे एका माणसानं विचारलं नाही. एकानंही! आज बेचाळीस वर्षांची घोडी झालेय, तरी शेजारचं दार आपटलं की छातीत धडधडतं.

आता मी एका मोठ्या शाळेत मावशी आहे. लहान मुलांचं शी-शू माझ्याकडे. परवा दुसरीतली एक मुलगी वर्गात ओली झाली. महिन्यातली तिसरी खेप. टीचर म्हणाल्या, "मावशी, फडकं तिच्याच हातात द्या. लाज वाटली की सवय जाईल."

माझं डोकंच फिरलं. फरशी मी पुसली. म्हटलं, "टीचर, मला लाज भरपूर वाटली होती. सवय नाही गेली."

"उलट बोलता? ऑफिसात कळवीन."

"कळवा."

मुलीला बाथरूममध्ये नेलं. टॉवेल काढायला मी हात वर केला, तर तिनं पटकन डोकं झाकून घेतलं. सात वर्षांची पोर! मला रडूच आलं.

उद्या मोठ्या बाईंनी बोलावलंय. माफीपत्र द्या म्हणे. कसली माफी? ह्या मुलीला घरी कोण मारतं, हे तुम्ही विचारणार की मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावू, एवढंच बोलणार आहे. त्या ऑफिसात मावशीला कोणी खुर्ची देत नाही. मी ओढून घेणार, बसणार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.