अकमोरच्या खेळातलं दार

अकमोर माझी सख्खी धाकटी बहीण. आमच्या अख्ख्या आत-बाशी गावात तिच्या डोक्याचं माणूस दुसरं नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं. मी नववीनंतर शाळा सोडली आणि चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरचं दुकान टाकलं. ती शिकली, शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली, आणि हिवाळेच्या हिवाळे चुलीजवळ बसून तिनं एकटीनं एक गेम लिहिला. लिहिला म्हणजे लिहिलाच. त्यात चित्र नाही, गोळीबार नाही, नुसती अक्षरं. पडद्यावर वाक्य येतं, आपण काय करणार ते आपण टाइप करायचं, मग पुढचं वाक्य.

सुरुवातीलाच तुम्ही एका घरात असता. बाहेर बर्फ जमिनीतून वर आभाळाकडे पडतोय. जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी एक घोडा मांडी घालून बसलाय आणि तो आमच्या वारलेल्या बाबांसारखा बोलतो, प्रत्येक वाक्याआधी खोकून. समोर चहा, लोणी, भाकर. दार बंद.

आईनं खेळून पाहिलं, शाळेतल्या पोरांनी पाहिलं, मी पाहिलं. सगळे सरळ दाराबाहेर. मग तिनं तो इंटरनेटवर टाकला आणि मी बाजारात सांगत सुटलो, आता जग बघेल म्हणून.

जग आलं आणि दारातच अडकलं.

‘दाराला लाथ मारली, उघडत नाही.’ ‘दुपारभर घोड्याशी बोललो, तो नुसता खोकतो.’ ‘भाकर पिशवीत टाकली तर तिचा दगड झाला, हा काय फालतूपणा?’ एकानं तर भाकर दारावर फेकून मारली. भाकर! आणि वर लिहितो, गेम बिघडलाय, एक स्टार.

अरे, दुसऱ्याच्या घरातून निघताना भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालायचा, मग पाय बाहेर. कितीही घाई असली तरी. हे काय सांगावं लागतं? कुणाला हे माहीत नसेल असं अकमोरच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी त्या कमेंटा वाचायचो आणि टायरवर हातोडा जरा जास्तच जोरात बसायचा. त्यात ट्रकवाला झोलदोश येता-जाता विचारायचा, “काय उस्ताद, बहिणीचं दार उघडलं का? की माझा जॅक देऊ?”

शेवटी न राहवून मीच लिहिलं, ‘निर्लज्जांनो, आईनं काही शिकवलं नाही का?’ लोक हसले, आणि आणखी दहाजणांनी एकेक स्टार देऊन सूड उगवला.

अकमोर माझ्या अंगावर धावून आली. “दादा, तुला कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला?”

“मग तू सांग ना त्यांना! एक ओळ टाक, भाकर चाखा म्हणून.”

“आपल्या घरात लावलीय का अशी पाटी? पाट्या खानावळीत असतात.”

“अगं पण लोक शिव्या देतायत!”

“देऊ देत. पण त्यांच्यातला एकही त्या घराबाहेर पडला नाही, दादा. पुढची नदी, कुरणं, सगळं लिहून ठेवलंय. कुणी पाहिलंच नाही.”

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. माझ्या बहिणीचा! जिनं पोलिसाशी भांडून माझी गाडी सोडवून आणली होती, तिचा.

मग तिचं लिहिणंच थांबलं. शाळेतून यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. एका रविवारी जेवताना म्हणाली, “उद्या सकाळी काढून टाकते गेम. आणि परत असलं काही लिहिणार नाही.”

आई वाडगा खाली ठेवून म्हणाली, “बापाला त्या घरात बसवलंस, आणि आता घरच पाडतेस?”

मी खूप बोललो, ओरडलोसुद्धा. माझं कोण ऐकतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोट घालूनच लॅपटॉपपुढे बसली. मी मागे उभा. ‘नक्की काढायचं का?’ असं पडद्यावर आलं होतं आणि तिचं बोट तिथंच अडलं होतं, कारण बाजूला एक नवी कमेंट उगवली होती. जर्मनीतल्या कुणा पोराची. त्याची आजी आमच्या शेजारच्या कझाकिस्तानातून तिकडे गेलेली.

‘दार उघडलं! आजी मागून जात होती. म्हणाली, मेल्या, भाकर समोर ठेवलीय आणि तसाच निघालास? पण आता नदी पलीकडे जाऊ देत नाही. गेम इथंही बिघडलाय. दोन स्टार.’

“बिघडलाय?” माझं डोकंच फिरलं. “थुंकला असेल त्या नदीत! दुसरं काय! आण इकडे, सांगतो त्याला...”

अकमोरनं लॅपटॉप फाडकन मिटला आणि कोटाखाली धरला. “एक अक्षर लिहायचं नाही, दादा. एकसुद्धा!”

हसत होती. शाळेला उशीर झाला म्हणून चहा तसाच टाकून निघाली. दाराशी आई उभी होती. तिच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून अकमोर पळाली, चावत चावत.