बहिणीचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या अकोल्यात खिडकीला कूलर लागतो, तो जूनअखेरपर्यंत निघत नाही. आज भर मे महिन्यात त्यात चौथी बादली ओतत होते, तेवढ्यात आजऱ्याला दिलेल्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर शाल!

"ताई, वळीव पडला. संपला आमचा उन्हाळा."

माझा नुसता जळफळाट झाला. सूर्य दोघींचा एकच, पण माझ्याकडे तो मुक्काम ठोकतो, तिच्याकडे चहापुरता डोकावतो.

मग तिनं बुरशी आलेल्या कुरडया दाखवल्या. "तुझ्याकडच्या उन्हात वाळतात गं. डबाभर पाठवशील?"

मी हो म्हणाले. पण डबा भरताना हात मोडक्या कुरडयांकडेच जात राहिला.