गावाच्या रकान्यात कंधार

नागोराव हैदराबादच्या मलकपेठेत जन्मले, गौलीगुड्याच्या शाळेत शिकले आणि एकवीस वर्षं विज्ञान संग्रहालयाच्या तारांगणात निवेदन करत आले. दिवे मालवले की ते घोगरा आवाज काढत, "हजरात, खामोश! ये हमारे शहर का आसमान है." पोरं आधी टरकायची, मग टाळ्या.

२०१४ साली राज्याची वाटणी झाली. सरकारी नोकरीतली माणसंही वाटायची होती : तेलंगणातला इथे, आंध्रातला तिकडे. फॉर्म आला. रकाना, 'नेटिव प्लेस'.

"अगं, गाव काय लिहू?"

"अहो, हे काय विचारणं झालं?" पार्वतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आपलं गाव कंधार!"

आपल्या मराठी माणसांत गाव म्हणजे आजोबांनी सोडलेलं गाव. नागोराव तिथे उभ्या जन्मात दोनदा गेलेले, दोन्ही वेळा लग्नाला. त्यांनी झोकात लिहिलं : कंधार, जि. नांदेड.

तेव्हापासून संग्रहालयाचे सुपरिंटेंडंट त्यांच्याशी बोलेनासे झाले. नागोराव समोर आले की ते खिशात चष्मा शोधत. चष्मा नाकावरच असे.

मग एके दिवशी मुख्य कचेरीतले साहेब आले. संग्रहालयाच्या दालनात दोन टोकांना दोन भल्यामोठ्या तबकड्या आहेत. एकीपाशी कुजबुजलं की दुसरीपाशी स्वच्छ ऐकू येतं. शाळेच्या पोरींना ती गंमत दाखवायला नागोरावांनी तबकडीला कान लावला. पलीकडच्या तबकडीपाशी ते साहेब आणि सुपरिंटेंडंट कुजबुजत होते.

"ये कंधार किदर है? अफगानिस्तान?"

"नै अंडी, महाराष्ट्रा," सुपरिंटेंडंट तेलुगूतला 'अहो' लावत अदबीनं म्हणाले.

"फिर न इदर का, न उदर का. लिस्ट में नक्को लिखो. किस्सा खतम."

"अंकल, क्या सुनाई दिया?" पोरी खिदळल्या.

"कुछ नै. हवा."

नागोराव दालन ओलांडून धावले. "साब, मैं इदरीच पैदा हुआ! मलकपेठ! दाखला है!"

साहेबांनी फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला. "दस्तखत किसकी?"

"मेरीच, साब."

"हौ ना? तो बस." साहेब गोड हसले. "चलो, तुमारा शो तो दिखाओ."

घंटा झाली. दारं बंद झाली, घुमटावर चांदण्या उगवल्या.

"हजरात, खामोश! ये ह..."

नागोराव थांबले. पहिल्या रांगेतून साहेबांचा हळूच आवाज आला, "बोलो, कंधारवाले."

"ये... हैदराबाद शहर का आसमान है."