सध्याचा मुक्काम: ढगाच्या सावलीत

असे किस्से कधी साठतात कळतच नाही. कपाट आवरताना जुने स्वेटर निघावेत तसे निघत राहतात! बीटी कापूस गावोगाव पोचला त्या वर्षांत आम्हा बुलढाणेकरांचा इंटरनेटवर एक फोरम होता. प्रोफाइलमध्ये ‘ठिकाण’ असा एक रकाना होता. तिथे खरं गाव कोणीच लिहायचं नाही. रोज सकाळी तो रकाना बदलायचा, म्हणजे माणूस बरा आहे असं आम्ही समजायचो.

मी लोणारची, तिथल्याच शाळेत शिक्षिका. माझं ठिकाण होतं, ‘आकाशातून दगड पडला, त्या खड्ड्याच्या काठावर’.

एकाने विचारलं, "लागलं तर नाही ना?"

म्हटलं, "नाही, मी थोडी उशिरा पोचले!"

*

मलकापूरचे सलीमभाई कापसाचे व्यापारी. त्यांचं ठिकाण: ‘मुंबई-नागपूरच्या मधात. दोन्हीकडून लेट.’

एक दिवस त्यांच्या बेगमही सदस्य झाल्या. त्यांनी लिहिलं, ‘घरीच. हे कुठं हायेत, कोणाले दिसले का?’

*

चिखलीचा सुमेध पुण्यात नोकरीला. त्याने लिहिलं, ‘देह पुण्यात, चपला चिखलीत’.

भावाने ते आईला वाचून दाखवलं. तिचा लगेच फोन! "काऊन बे, अनवाणी फिरून राह्यला का तिथं?"

आठवड्याच्या आत एसटीच्या पार्सलने चपलांचा नवा जोड पुण्यात हजर. सुमेध अजून त्याच घालतो म्हणे.

*

पण रकान्याचा राजा वडनेर भोलजीचा गजू. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतातून मोबाइलवर लिहायचा, ‘ढगाच्या सावलीत. सावली सरकली का पत्ता बदलन.’ ते वाचलं की मी शाळेच्या खिडकीतून ढगच बघत बसायचे. फार आवडायचा मला तो पत्ता.

मग एका वर्षी पऱ्हाटीवर लाल्या रोग आला. हिरवी शेतं लाल पडली. गजूने लिहिलं, ‘कुठंच नाही’.

आम्हाला वाटलं, नवा विनोद! सुमेधने "वा!" लिहिलं, मी हसरा चेहरा टाकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गजू फोन उचलेना. त्या वर्षांत न उचललेल्या फोनची फार भीती वाटायची.

सलीमभाईंनी लिहिलं, "मी जाऊन राह्यलो वडनेरले." दुकान बंद करून त्यांनी मोटरसायकल काढली.

मी सकाळभर पान उघडत होते.

दुपारी सलीमभाईंचं ठिकाण बदललं: ‘कुठंच नाही’च्या बाजूले.

उन्हं कलता कलता गजूचा रकाना बदलला.

‘सलीमभाईच्या सावलीत. हा काही सरकूनच नाही राह्यला!’